जुन्या करारातला देव रागीट आणि नव्यातला प्रेमळ, हे वाचून कुणाला खरंच असं वाटलंय का?

सुकीकाठ
राम राम मंडळी. विषय आपल्या नेहमीच्या विषयांपेक्षा वेगळा आहे आणि मी काही अभ्यासक नाही, रावेर तालुक्यातला शेतकरी आहे, पण इतके दिवस डोक्यात घोळतंय की आता लिहूनच टाकतो.

मागच्या वर्षी जूनमध्ये वादळ आलं त्यात आमची निसवलेली केळी आडवी झाली, तीन हजाराच्या वर खोडं अर्ध्या तासात, घड कापायला महिनाभर बाकी होता. त्या दिवसांत नवापूरकडचा माझा कॉलेजातला मित्र भेटायला आला, तो ख्रिस्ती आहे, जाताना मराठी बायबल ठेवून गेला आणि ईयोबाच्या पुस्तकात खूण घातली, म्हणाला मी काही सांगत नाही, एवढं वाच. वाचलं. मग उत्पत्तीपासून सुरुवात केली आणि यंदाच्या मे महिन्यात, दुपारी घराबाहेर पडता येत नाही तेव्हा, शेवटचं प्रकटीकरण संपवलं.

आता प्रश्न. बायबलचे दोन भाग, जुना करार आणि नवा करार. ज्याला विचारावं तो एकच सांगतो, जुन्या करारातला देव म्हणजे ज्यूंचा देव, तो रागीट, शिक्षा करणारा, आणि नव्या करारातला देव म्हणजे येशूचा बाप, तो प्रेमळ. मी पण तेच मनात धरून बसलो होतो. पण वाचताना ते जुळेचना. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात हा देव दिवस उतरल्यावर गार वाऱ्यात बागेत फिरतो आणि लपलेल्या आदामाला हाक मारतो, तू कुठे आहेस. सहाव्यात त्याला माणूस निर्माण केल्याचा पस्तावा होतो, मनाला लागतं त्याच्या. अठराव्यात अब्राहाम सदोम वाचवायला त्याच्याशी घासाघीस करतो, ५० नीतिमान सापडले तर सोडशील का, मग ४५, ४०, ३०, २०, १० पर्यंत खाली आणतो आणि देव दर वेळी हो म्हणतो, एकदाही चिडत नाही. आणि इकडे नव्या करारात प्रेषितांची कृत्ये पाचवा अध्याय, हनन्या आणि सप्पीरा नवराबायको जमीन विकून आलेल्या पैशातले थोडे लपवतात आणि जागच्या जागी मरून पडतात. मग कुठला देव रागीट आणि कुठला प्रेमळ?

ज्यू आणि ख्रिस्ती, दोन्ही धर्मांचे लोक पहिला भाग सारखाच वाचतात ना, मग दोघांना त्यात दिसणारा देव एकच आहे का? ज्यांनी वाचलंय, ज्यांच्या घरात हे आहे, त्यांनी मनापासून सांगा.

जिभाऊ_धुळेकर
रावेरकर दादा, प्रश्न चांगला आहे पण मला वाटतं तुम्ही अपवाद उचलताय. एकूण बेरीज बघा ना. जलप्रलय, सदोमवर आग, मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, घराघरातले थोरले मुलगे, यरीहोत बायका-पोरांसकट तलवार. तो स्वतःच म्हणतो मी ईर्ष्यावान देव आहे, बापाच्या पापाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत देतो. दुसरीकडे लूकचा पंधरावा अध्याय, सगळं उधळून आलेला पोरगा लांबून दिसतो आणि बाप पळत जाऊन गळ्यात पडतो. येशू शत्रूंवर प्रीती करा म्हणतो. फरक आहेच.

आणि मला त्यात वावगं काही वाटत नाही. आमच्या आजीच्या लहानपणी गावात पटकी आली की मरीआई कोपनी म्हणायचे आणि गाव थरथर कापायचं. आज तीच आई गावच्या वेशीवर आहे, लोक पाया पडतात, कुणी घाबरत नाही. माणसाची समज वाढते तसा देव मऊ होत जातो, असं माझं प्रामाणिक मत.

नवापूरकर
ज्या मित्राबद्दल लिहिलंय तो मी नाही, पण गाव तेच निघालं म्हणून आनंद झाला.

जिभाऊ, तुम्ही जे म्हणताय ते फार जुनं आहे बरं का, आणि चर्चने ते सुरुवातीलाच नाकारलंय हे लोकांना माहीत नसतं. दुसऱ्या शतकात मार्कियोन नावाचा एक श्रीमंत जहाजमालक होता, काळ्या समुद्राकाठच्या सिनोपचा, तो रोमला आला आणि हेच म्हणाला की हिब्रू शास्त्रातला निर्माता देव वेगळा, कठोर, न्याय करणारा, आणि येशूने दाखवलेला बाप वेगळा, आधी कुणाला माहीतच नसलेला. त्याने जुना करार सगळाच बाजूला काढला, शुभवर्तमानांतलं फक्त लूकचं ठेवलं तेही काटछाट करून, आणि पौलाची दहा पत्रं. साधारण १४४ साली रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं, त्याने दिलेली मोठी देणगीसुद्धा परत केली. तर्तुल्यन नावाच्या लेखकाने त्याच्याविरुद्ध पाच खंड लिहिले. म्हणजे ख्रिस्ती माणसाने 'तो देव वेगळा, आमचा वेगळा' म्हणणं हे आमच्याच विश्वासाच्या विरुद्ध जातं, कारण येशू ज्याला अब्बा म्हणतो तो अब्राहामाचाच देव. सगळ्यात मोठी आज्ञा कोणती असं विचारलं तेव्हा येशूने काही नवीन सांगितलं नाही, जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा सहावा अध्याय आणि लेवीयचा एकोणिसावा हेच दोन सांगितले, देवावर पूर्ण मनाने प्रीती कर आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी. शेजाऱ्यावरची प्रीती जुन्या करारातली आहे हो.

माझे आजोबा मावची आदिवासी, पहिल्या पिढीतले ख्रिस्ती, त्यांना धर्मशास्त्र येत नव्हतं. त्यांना सगळ्यात आवडायचा तो प्रसंग म्हणजे येशू मेलेल्यातून उठून येतो, शिष्य भुताला बघितल्यासारखे घाबरतात, आणि तो विचारतो खायला काही आहे का, मग ते भाजलेल्या माशाचा तुकडा देतात आणि तो त्यांच्यासमोर खातो. आजोबा नदीवर मासे धरणारे, ते म्हणायचे ज्या देवाने मासा खाल्ला त्याला काय भ्यायचं. माझ्यासाठी दोन्ही पुस्तकांत फरक आहे तो इथे.

आखाजी
वाचतेय. चोपड्याहून. मधेच विचारते, १ शमुवेल १५ वर कुणी बोलणार आहे का? शौल राजाला देवाचा हुकूम होतो की अमालेकी लोकांतले पुरुष, बायका, पोरं, तान्ही बाळं, बैल, मेंढरं, काही ठेवू नकोस. तान्ही बाळं लिहिलंय. बागेतला गार वारा वाचून छान वाटतं पण हे पान फाडून ठेवता येत नाही.

सुकीकाठ
ताई, बरोबर आहे. मी ते पान वाचून चार दिवस पुस्तक उघडलं नव्हतं.

रेल्वेक्वार्टर
मी सहसा लिहीत नाही, पण हा धागा बघून राहवलं नाही. मी बेने इस्राएल आहे, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू घरातली, वडील रेल्वेत होते म्हणून लहानपण सगळं भुसावळला क्वार्टरमध्ये गेलं. भरीत-भाकरी खाऊन वाढले आणि शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा लावून. सणाला आम्ही पुण्याच्या लाल देवळात, म्हणजे तिथल्या सिनेगॉगमध्ये, जायचो.

पहिली गोष्ट म्हणजे 'जुना करार' हा शब्द. आमच्यासाठी तो जुना नाही, एकमेव आहे. आम्ही तनाख म्हणतो, तोरा, नवीईम, केतुवीम या तीन भागांची पहिली अक्षरं घेऊन केलेला शब्द, म्हणजे शिकवण, संदेष्टे आणि लिखाणं. मजकूर प्रोटेस्टंट बायबलमधल्या ३९ पुस्तकांचाच, पण आमच्यात मोजणी २४ ची, कारण शमुवेल, राजे, इतिहास ही एकेकच धरतात, एज्रा-नहेम्या मिळून एक आणि १२ लहान संदेष्ट्यांचं मिळून एक. कॅथलिकांच्यात ४६ आहेत. आणि क्रम वेगळा. ख्रिस्ती जुना करार मलाखीवर संपतो, एलीया संदेष्टा येईल असं सांगून, पान उलटलं की मत्तय सुरू, म्हणजे पुस्तक वाट बघत संपतं. आमचं इतिहासाच्या पुस्तकावर संपतं, पारसाचा, म्हणजे इराणचा, राजा कोरेश सांगतो ज्याला यरुशलेमला जायचं त्याने जावं. आमचं शेवटचं पान म्हणजे परत घरी जायची परवानगी. तीच पुस्तकं असून कुठे थांबायचं यावरून देव कशासाठी वाट बघतोय ते बदलतं, हे मला मोठी झाल्यावर कळलं आणि फार लागलं मनाला.

दुसरं, नाव. हिब्रूत देवाचं चार अक्षरांचं नाव आहे ते आम्ही उच्चारत नाही. वाचताना तिथे अदोनाय म्हणतो, बोलताना हाशेम म्हणजे फक्त 'ते नाव'. तुमच्या मराठी बायबलमध्ये जिथे परमेश्वर लिहिलंय तिथे मूळ हे नाव आहे आणि जिथे नुसतं देव आहे तिथे बहुतेक एलोहीम. आता परत उत्पत्ती उघडा दादा, पहिल्या अध्यायात देव, देव, देव, तो बोलतो आणि होतं, सगळं शिस्तीत सहा दिवसांत, आणि दुसऱ्या अध्यायापासून परमेश्वर देव, जो मातीत हात घालून माणूस घडवतो आणि नाकात श्वास फुंकतो. आमचे रब्बी, म्हणजे धर्मपंडित, म्हणतात एलोहीम हे न्यायाचं नाव आणि चार अक्षरांचं नाव दयेचं. त्यावर एक गोष्ट आहे मिद्राशमध्ये, म्हणजे शास्त्रावरच्या रब्बींच्या जुन्या भाष्यात. एका राजाकडे काचेचे नाजूक प्याले होते, नुसतं गरम पाणी ओतलं तर फुटतील, नुसतं गार ओतलं तर तडकतील, मग राजाने दोन्ही मिसळून ओतलं. देवाने जग तसंच केलं, नुसत्या दयेने केलं असतं तर पाप माजलं असतं, नुसत्या न्यायाने केलं असतं तर जग टिकलं नसतं. आमच्या पप्पांनी मला ही गोष्ट भुसावळच्या मे महिन्यात माठाजवळ बसून सांगितली होती.

म्हणून रागीट देव आणि प्रेमळ देव असे दोन वेगळे काढले की मला वाटतं कुणीतरी तो प्याला फोडला.

आणि डोळ्याबद्दल डोळा, हे तर प्रत्येक जण आमच्या तोंडावर मारतो. तलमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या आमच्या मोठ्या ग्रंथात, बाबा कम्मा नावाच्या भागात यावर पानंच्या पानं चर्चा आहे आणि निकाल असा की याचा अर्थ नुकसानभरपाई, पैशात, इजा, दुखणं, औषधपाणी, बुडालेलं काम आणि झालेला अपमान हे सगळं मोजून. खरा डोळा काढायचा नाही.

जिभाऊ_धुळेकर
ताई, हे मला माहीत नव्हतं. डोळ्याबद्दल डोळा मी स्वतः कितीतरी वेळा बोललोय.

बोरीकाठ
अमळनेरहून. तत्त्वज्ञान मंदिराच्या गावात राहतो म्हणून असले विषय लहानपणापासून कानावर, पण माझा विषय इतिहास, त्या बाजूने सांगतो.

तुम्ही सगळे 'हा करार, तो करार' अशी तुलना करताय, पण हिब्रू शास्त्र एका हाताने एका वेळी लिहिलेलंच नाही, शेकडो वर्षांचं आहे, त्यामुळे त्याच्या आतच देवाचं चित्र बदलत जातं. सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे दावीदाची शिरगणती. २ शमुवेल २४ मध्ये लिहिलंय परमेश्वराचा कोप भडकला आणि त्यानेच दावीदाला लोकांची मोजणी करायला लावलं, आणि मग त्याच मोजणीबद्दल शिक्षा दिली. तोच प्रसंग १ इतिहास २१ मध्ये बघा, तिथे मोजणी करायला लावणारा सैतान. प्रसंग तोच, राजा तोच. मधे काय झालं, तर इ.स.पू. ५८६ ला यरुशलेम पडलं, मंदिर जळलं, लोक कैद होऊन बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला, गेले, परत आले. नंतरच्या लेखकाला देवाच्या नावावर ते वाक्य ठेवणं जड गेलं असणार असं मला वाटतं. आणि तरी जुनं पुस्तकही फेकलं नाही, दोन्ही एकाच पोथीत शेजारी ठेवली. पिढ्यांच्या शिक्षेचंही तसंच, निर्गम म्हणतं तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत, आणि यहेज्केल १८ स्पष्ट म्हणतो की आईबापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले ही म्हण यापुढे इस्राएलात बोलायची नाही, ज्याचं पाप त्यालाच. म्हणजे जिभाऊ, समज बदलते हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे, पण बदलाची रेघ दोन करारांच्या मधोमध नाही जात, ती पहिल्या पुस्तकाच्या आतूनच गेलीय.

आणि उलटही. नरकाची आग घ्या. हिब्रू शास्त्रात मेलेला माणूस अधोलोकात जातो, तिथे अंधार आणि शांतता, बरा-वाईट दोघंही तिथेच. मेल्यानंतर काहींना कायमची लाज असं दानीएलाच्या बाराव्या अध्यायात येतं, पण तशी वाक्यं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सार्वकालिक आग, दात खाणं, श्रीमंत माणूस ज्वाळेत तडफडतोय आणि पाण्याच्या थेंबासाठी याचना करतोय, हे सगळं येशूच्या तोंडी आहे. प्रकटीकरणात द्राक्षकुंडातून घोड्यांच्या लगामापर्यंत रक्त येतं. रागाची बेरीज करायची तर ही पानंही धरावी लागतील.

नवापूरकर
बोरीकाठ सर, हे मी टाळत होतो, टाळायला नको होतं. हो, आहे ते. आमच्याकडेही त्यावर एकमत नाही. मी एवढंच सांगू शकतो की ती आग बहुतेक वेळा भुकेल्याला खायला न देणाऱ्यांसाठी, दारातल्या गरिबाकडे न बघणाऱ्यांसाठी सांगितलीय, मत्तय २५ आणि लूक १६ दोन्ही ठिकाणी. दुसऱ्या धर्माच्या माणसाला भीती घालायला ते वाक्य वापरलेलं मला कधी पटलं नाही, घरच्या माणसाने वापरलं तरी.

आखाजी
अमालेक राहिलाच पण. मी विषय सोडणार नाही.

रेल्वेक्वार्टर
ताई, सोडू नका. मी त्याचं समर्थन करणार नाही आणि आमच्यातही लोक हजार-दीड हजार वर्षं त्याच्याशी झगडताहेत. तलमूदमध्येच असं म्हटलंय की शौल स्वतः देवाशी वाद घालतो, मोठ्यांनी पाप केलं असेल, पण लेकरांनी काय केलंय? नंतर रब्बींनी एक वाट काढली की अश्शूरच्या राजाने सगळे लोक इकडचे तिकडे मिसळून टाकले, त्यामुळे जुनी राष्ट्रं आता ओळखूच येत नाहीत, म्हणून असले हुकूम आता कुणावर चालवता येत नाहीत. यावर कुणी म्हणेल ही पळवाट आहे. माझ्या मते ज्या लोकांना आपल्या पवित्र ग्रंथातलं वाक्य सहन होत नव्हतं आणि खोडताही येत नव्हतं त्यांनी जिवाच्या आकांताने शोधलेली ती जागा आहे.

आमच्या घरी पेसाहला, म्हणजे मिसरातून सुटकेचा सण, काळ्या मनुकांचं सरबत करतात द्राक्षरसाच्या जागी. मिसरावर आलेल्या दहा पीडांची नावं घेताना पप्पा प्रत्येक नावाला पेल्यातला एक थेंब बाहेर टाकायचे. मी विचारलं का, तर म्हणाले मेले ते पण त्याचीच लेकरं होती, म्हणून आपला पेला पूर्ण भरलेला नको. तलमूदमध्ये पण आहे, लाल समुद्रात मिसरी बुडाले तेव्हा देवदूत गाणं म्हणायला लागले आणि देवाने त्यांना गप्प केलं, माझ्या हातची माणसं समुद्रात बुडताहेत आणि तुम्ही गाता? आता हा देव निर्गमाच्या पुस्तकात नुसता वाचून दिसत नाही, तिथे तर सगळे मिळून विजयाचं गाणं गातात. तो दिसतो आमच्या वाचायच्या पद्धतीत. तुम्ही नुसता मजकूर वाचून ज्यूंचा देव कसा आहे ते ठरवलं तर अर्धंच हाती लागेल.

बोरीकाठ
हे अगदी महत्त्वाचं. ज्यू माणूस तनाख तलमूदमधून वाचतो, ख्रिस्ती माणूस तेच शब्द नव्या करारातून वाचतो. उत्पत्ती १:२६ मध्ये देव म्हणतो 'आपण' आपल्या प्रतिरूपाचा मनुष्य करू. ख्रिस्ती धर्मगुरूंना त्यात पिता, पुत्र, पवित्र आत्मा दिसले. अकराव्या शतकातला फ्रान्समधला राशी नावाचा ज्यू भाष्यकार म्हणतो देवाने इथे देवदूतांना विचारलं, मोठ्याने लहानाला विचारावं हे शिकवण्यासाठी. त्या एका शब्दावरून दोन धर्मांच्या दोन वाटा. यशया ५३ मधला दुःख सोसणारा सेवक, तिथेही तसंच, एकाला येशू दिसतो, राशीला सगळं इस्राएल राष्ट्र.

सुकीकाठ
मंडळी, सगळं दोनदा वाचलं. मला आता माझाच प्रश्न चुकीच्या जागी होता असं वाटायला लागलंय. राग आणि माया दोन्हीकडे आहे. होशेय अकरा वाचलं, तिथे देव म्हणतो मी एफ्राइमाला, म्हणजे इस्राएलाला, चालायला शिकवलं, हाताला धरून, आणि आता त्याला कसा टाकू, माझं मन पालटतंय. यशयात म्हणतो आई आपल्या तान्ह्याला विसरेल का, ती विसरली तरी मी नाही विसरणार. वारीला मुक्ताईची पालखी निघते तेव्हा आमच्याकडे माऊली माऊली म्हणतात, मला तोच आवाज आला. मग खरा फरक कुठे आहे? ताई, नवापूरकर दादा, तुम्ही दोघंच सांगा, तुमच्या मनात तो कसा आहे.

रेल्वेक्वार्टर
दया या शब्दाला हिब्रूत रहमीम म्हणतात, तो रेहेम म्हणजे गर्भाशय या शब्दाच्या मुळातून आलाय. तुम्हाला माऊली ऐकू आलं ते खोटं नाही.

माझ्या मनात तो असा आहे की त्याच्याशी भांडता येतं. अब्राहाम भांडला, मोशे भांडला, सोन्याच्या वासरानंतर देव म्हणतो मी यांना संपवतो तर मोशे म्हणतो मग माझंही नाव तुझ्या पुस्तकातून खोड, आणि देव मागे सरतो. याकोब रात्रभर झुंजला आणि लंगडत निघाला, इस्राएल हे नाव त्याच झुंजीचं. योना तर उलट भांडतो, तू दयाळू आहेस, मंदक्रोध आहेस हे मला माहीतच होतं म्हणून मी पळालो, निनवे शहर का वाचवलंस? ते पुस्तक आम्ही योम किप्पुरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या, दिवशी, कडक उपासात, दुपारी वाचतो. आणि तलमूदमध्ये एका भट्टीवरून वाद होतो, आकाशातून आवाज येतो की अमक्या रब्बीचं बरोबर आहे, तर दुसरे रब्बी म्हणतात तोरा आता आकाशात नाही, आम्हाला दिलीस, आम्ही बहुमताने ठरवू. आणि देव हसून म्हणतो, माझ्या पोरांनी मला हरवलं.

पण त्याला देह नाही. बागेत फिरला, हात, डोळे, सगळं लिहिलंय, तरी बाराव्या शतकात मैमोनिदेस नावाच्या आमच्या मोठ्या रब्बीने ठासून सांगितलं की ती माणसाच्या भाषेतली बोली आहे, त्याला शरीर नाही, रूप नाही. आमच्या घरी एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलीया संदेष्ट्याच्या, नावाने मालिदा करतात, पोहे, गूळ, खोबरं, फळं ताटात मांडून, तेव्हा शेजारच्या काकू विचारायच्या मूर्ती कुठेय, आणि मम्मी म्हणायची मूर्ती नाही हो, नुसती हाक आहे. शमा इस्राएल, ऐक इस्राएला, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एक आहे. ऐक म्हणतो, बघ म्हणत नाही.

नवापूरकर
ताईंनी लिहिलं त्यातच माझं उत्तर आहे, फक्त मी पलीकडे उभा आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात आहे, देवाला कुणी कधी पाहिलं नाही, आणि त्याच अध्यायात आहे की शब्द देही झाला आणि आमच्यात राहिला. हिब्रू शास्त्राचं ग्रीक भाषांतर झालं तेव्हा त्या न उच्चारायच्या नावाच्या जागी कीरियोस, प्रभू हा शब्द आला, आणि नव्या करारात तोच शब्द येशूसाठी. ज्यू कानाला ते किती मोठं, किती असह्य वाटलं असेल हे मला आज ताईंचं वाचून पहिल्यांदा कळलं. पुढे ३२५ ला निकायाच्या परिषदेत तो पित्याच्याच तत्त्वाचा असं ठरलं, पण ठरवण्याआधी लोक त्याच्यासमोर गुडघे टेकतच होते.

तर ताईंच्या देवाशी माणूस भांडतो. माझ्या देवाला माणसांनी खिळे ठोकले, आणि तो वरून भांडला नाही, तिथेच लटकून त्याने बाविसावं स्तोत्र म्हटलं, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. देव देवालाच विचारतोय. मी बायकोच्या आजारपणात रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून तेच म्हटलंय. आणि ते स्तोत्र मुळात ताईंच्या पुस्तकातलं आहे.

जिभाऊ_धुळेकर
मी माझं पहिलं वाक्य मागे घेतो. उधळ्या पोराचा बाप मला माहीत होता, होशेयातला चालायला शिकवणारा बाप माहीत नव्हता. आणि ज्यूंचा देव रागीट असं म्हणत म्हणत युरोपात त्या लोकांचं काय केलं गेलं तेही आठवलं. रोमच्या चर्चलाही १९६५ ला जाहीरनामा काढून सांगावं लागलं की ज्यू लोकांना देवाने टाकलेलं, शापलेलं म्हणून दाखवू नये. शब्द साधा वाटतो, पण तो कुठवर जातो.

आखाजी
माझं समाधान झालं नाही हे नोंदवते. पण तलमूदमधल्या शौलाने माझाच प्रश्न विचारलाय हे कळलं, त्यामुळे पुस्तक मागवतेय. मराठीत कुठली प्रत घ्यावी?

नवापूरकर
बायबल सोसायटीची घ्या ताई, पवित्र शास्त्र म्हणून मिळते. भाषा जुनी आहे पण गोड आहे. एक सोप्या भाषेतलीही आहे, पण स्तोत्रं जुन्यातच वाचा.

सुकीकाठ
एक राहिलं, ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं ते ईयोब, गुरंढोरं आणि पोरं सगळी गमावलेल्या भल्या माणसाचं पुस्तक. देव त्याच्याशी वावटळीतून बोलतो, आणि का मारलं याचं उत्तर देतच नाही. पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास विचारतो, रानबकऱ्या कधी वितात, घोड्याच्या मानेत जोर कुणी भरला, आणि जिथे माणूसच राहत नाही त्या ओसाड रानावर पाऊस कोण पाडतो. मी आडव्या बागेच्या बांधावर बसून ते वाक्य वाचलं होतं. आपण पाऊस म्हटलं की आपलं शेत बघतो. तो दुसरीकडेही पाडतो, जिथे कुणी मागितलेला नाही. मला त्याने बरं वाटलं, का ते आजही नीट सांगता येत नाही.

काल रात्री वीज गेली होती, ओट्यावर बसून मायला शेवटचा अध्याय वाचून दाखवला. ईयोबाला सगळं दुप्पट परत मिळतं, ७,००० मेंढरांची १४,०००, ३,००० उंटांचे ६,०००, बैलांच्या ५०० जोड्यांच्या १,०००. आणि मुलं परत तेवढीच, ७ मुलगे ३ मुली. नाना म्हणाले चांगलं झालं. माय काही वेळ बोलली नाही, मग म्हणाली, आन् पहिलेचे पोरं कुठी गेले? माझ्या आधीचा एक भाऊ दीड वर्षाचा होऊन गेलाय, त्यानंतर आम्ही तिघं झालो. मला काही बोलता आलं नाही. ताई, तुमच्याकडे यावर काही सांगितलंय का?

रेल्वेक्वार्टर
दादा, आईंना नमस्कार सांगा. जुन्या भाष्यकारांनी एक गोष्ट लक्षात आणून दिलीय, जनावरं दुप्पट झाली पण मुलं दुप्पट झाली नाहीत. काहींनी त्याचा अर्थ असा लावलाय की मेंढरं गेली ती गेली, पण मेलेली मुलं संपलेली नसतात, ती देवाकडे आहेत, म्हणून पहिली दहा आणि नंतरची दहा मिळून दुप्पटच झाली.

आणि मुलींची नावं वाचलीत का? यमीमा, कसीया, केरेन-हप्पूक. मुलांची नावं दिलेली नाहीत, मुलींची दिलीत, आणि बापाने त्यांना भावांच्या बरोबरीने वाटा दिला असं लिहिलंय. सगळं गेल्यावर परत उभ्या राहिलेल्या माणसाने केलेली ही एक गोष्ट त्या पुस्तकात सांगितलीय.

मंदिर पडल्याच्या दिवशी, तिशा बआवला, आम्हाला तोरा शिकायलाही मनाई असते कारण तोरा शिकण्यात आनंद आहे. त्या दिवशी विलापगीत वाचतात, आणि ईयोब वाचायची परवानगी असते. जमिनीवर बसून.

सुकीकाठ
मायला वाचून दाखवलं. तिने मुलींची नावं दोनदा म्हणायला लावली. मग त्याचं नाव घेतलं, भावाचं. घरात ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं.